बसमध्ये कधीच न राहिलेलं लॅटिनचं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक ऑफिसातल्या कागद कापायच्या यंत्राखाली धरलं आणि त्याची शिवण कापून टाकली. पुस्तक माझं नव्हतं.

हा झाला मूर्खपणा. मूर्खपणाचं मला विशेष काही वाटत नाही. माझ्या मूर्खपणांवर आमच्या सिंगापूरच्या मित्रमंडळींची कितीतरी जेवणं पार पडली आहेत. भलत्याच लग्नात आहेर देऊन पोटभर जेवून आलेला मीच, आणि कॉन्डोच्या फायर ड्रिलला खरी आग समजून कुकरसकट खाली धावलेलाही मीच. सांगतो, हशा घेतो, पुढचं वाढून घेतो. पण या पुस्तकाबद्दल मी जे सांगत आलो ते — कसं म्हणू — ते घडलंच नव्हतं. जे घडलं ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. मग तुम्हाला का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

जरा मागून येतो. आम्ही बुकित तिमाहला राहतो. माझी मुलगी मुक्ता तिथल्याच एका इंटरनॅशनल शाळेत जाते, आणि त्या शाळेत सहावीपासून लॅटिन शिकवतात. मला आनंदच झाला. पुण्यात आम्ही आठवीला संस्कृत घेतलं ते काही काव्याच्या ओढीनं नव्हे. रूपं पाठ केली की पैकीच्या पैकी, म्हणून घेतलं. लॅटिन म्हणजे तिकडचं संस्कृत, म्हणजे स्कोअरिंग — इतका सरळ विचार. पण मुक्ताचं शाळेचं पुस्तक उघडलं तर आत रंगीत चित्रं, कोडी, रोमन लोक काय खायचे, कसे न्हायचे. हे सगळं ठीक आहे हो, पण कोष्टकं कुठायत?

ही तक्रार मी लिफ्टमध्ये करत होतो. लिफ्टमध्ये मिस परेरा होत्या. चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. इथल्याच, युरेशियन, कॉन्व्हेंट शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, माझ्या लहानपणच्या लॅटिनच्या पुस्तकात कोष्टकांशिवाय दुसरं काही नाही, पोरीला पाठव.

ते पुस्तक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच हरखलो. तळहाताएवढं, तपकिरी कापडी पुठ्ठ्याचं. लहान मुलांसाठी लिहिलेलं, पण लहान मुलांवर लेखकाचा काडीचा विश्वास नसावा. प्रस्तावनेत त्यानं शिक्षकांना बजावलं होतं की पोरांना अर्थबिर्थ नंतर सांगा, आधी कोष्टक मोठ्यानं म्हणवून घ्या. हा माणूस मला आपला वाटला. शाळेत आम्ही देवः देवौ देवाः म्हणायचो, तसंच इथे पहिल्या पानावर ‘मेज’ हा शब्द चालवलेला. मग वाक्यं. त्या पुस्तकाच्या जगात फक्त शेतकरी, खलाशी, मुली आणि एक राणी राहत असत, आणि दिवसभर एकमेकांना गुलाब नाहीतर भाले देत असत. का देत असत, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि समासात लोर्ना.

लोर्ना ही मिस परेरांची धाकटी बहीण. दोघींनी तेच पुस्तक वापरलेलं. प्रत्येक स्वाध्यायाखाली लोर्नानं पेन्सिलीनं उत्तर लिहिलेलं — बहुतेक चुकलेलं — आणि त्याखाली बारीक अक्षरात थोरलीची दुरुस्ती. एका पानावर दुरुस्त्यांना वैतागून तिनं खलाशाचं चित्र काढलं होतं, त्याला भरघोस मिशा, आणि मिशांखाली ताईचं नाव. लोर्ना तरुणपणीच गेली. फोटो होते तिचे, पण तिच्या हातचं लिहिलेलं एवढंच उरलं होतं. हे मिस परेरांनीच सांगितलं, पुस्तक मुक्ताच्या हातात देताना, माझ्यादेखत. तेव्हाच एक अट घातली — पुस्तक या इमारतीबाहेर न्यायचं नाही. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

मुक्ता शाळेतून आली की पुस्तक घेऊन चौथ्या मजल्यावर पळायची. तिला कोष्टकांपेक्षा लोर्नाच्या चुका जास्त आवडायच्या. जेवताना सांगायची, आज लोर्नानं राणीला शेतकऱ्याच्या हवाली केलं. मेलेल्या एका मुलीशी माझ्या मुलीची मैत्री जमली होती, आणि मी मात्र मार्क मोजत होतो.

तिच्या वर्गातल्या भारतीय पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे मी फुशारकी मारली. अशी पुस्तकं आता मिळत नाहीत, आमच्याकडे आहे, पीडीएफ टाकतो. लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले, एका बाईंनी तर मला ‘सर’ म्हटलं. आता पान पान फोनवर काढता आलं असतं. पण फोनवर काढलं की सावली पडते, पान वाकडं येतं — ‘सर’ने असं काम करायचं? आणि दुसरं असं, की आम्ही इंजिनिअरिंगला असताना कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला जाडजूड पुस्तकं आमच्यासमोर सोलायचा. शिवणीकडून एक घाव, सुटी पानं यंत्रात, मग स्पायरल. पुस्तक म्हणजे आतला मजकूर, बाकी टरफल — हे माझं उच्च शिक्षण. मला वाटलं, नवी छान बांधणी करून देऊ. म्हातारी खूश होईल.

खरंच वाटलं हो असं.

पाया लेबारला आमचं ऑफिस आहे. जेवायच्या सुट्टीत मी पुस्तक कापलं आणि पानांचा गठ्ठा स्कॅनरच्या तोंडाशी ठेवला. यंत्रानं पहिली काही पानं गिळली. मग कुरकुरलं. कागद इतका वाळलेला, की रोलरमध्ये ओढला जाताच पापडासारखा मोडायला लागला. मी थांबवायचं बटण शोधेपर्यंत आणखी पानं आत. मी ओढली — ओढायची नसतात, हे स्कॅनरवर चित्रासकट लिहिलेलं आहे. हातात तुकडे, जमिनीवर भुगा, आणि कॉरिडॉरमधून जेवून परत येणाऱ्यांचे आवाज.

इथे तुम्हाला माझं काम सांगायला हवं. मी बँकेत कम्प्लायन्स बघतो, म्हणजे सगळे नियमानं वागतात की नाही ते. नव्या पोरांना मीच उभं राहून सांगतो की चूक झाली तर लपवू नका, लगेच कळवा, लपवल्यानं चुकीचा गुन्हा होतो. चांगलं बोलतो, असं म्हणतात.

तर मी काय केलं? स्कॅनरशेजारी गोपनीय कागदांची एक कुलूपबंद पेटी असते. वर फट. एकदा आत गेलेलं बाहेर येत नाही, थेट बारीक कापायला जातं. मी भुगा भरला, तुकडे भरले — आणि मग धड असलेली पानंही भरली. होती धड पानं. मिशांचं पान धड होतं. मी ते पाहिलं, दुमडलं, आणि फटीतून आत सोडलं.

का? ते घरी नेता आलं असतं. त्या एका पानासाठी मिस परेरांनी मला कदाचित माफही केलं असतं. पण निम्मं पुस्तक नेलं तर उरलेल्या निम्म्याचं सांगावं लागलं असतं. काहीच नेलं नाही तर — हरवलं म्हणता येतं. हरवणं हा माझा लौकिकच आहे.

संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहून म्हणालो, कॉपी काढायला ऑफिसात नेलं होतं, येताना बसमध्ये राहिलं. मला वाटलं, चिडतील, रडतील, आणि विषय संपेल. आपल्याकडे बसमध्ये राहिलं म्हणजे गेलंच की. माणूस चुकचुकतो आणि चहा टाकतो. पण मी कुठे राहतो, हेच मी विसरलो होतो. मिस परेरांचा पडलेला चेहरा माझ्यासमोर उजळला.

“बसमध्ये ना? मग येणार लाह,” त्या खास इथल्या लकबीत म्हणाल्या. “इथे परत येतं सगळं.”

माझी स्वतःची छत्री परत आली होती. मंजिरीचं पाकीट आलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. कुठली बस, वर बसला होतास की खाली, किती वाजता उतरलास — त्या विचारत गेल्या आणि मी उत्तरं देत गेलो. पटापट, न अडखळता. लोर्नापेक्षा पुष्कळ बरी उत्तरं.

मग शोध सुरू झाला. फोन झाले. बस कंपनीचं नम्र उत्तर आलं, ड्रायव्हरकडे चौकशी केली आहे. ज्याच्या बसमध्ये मी चढलोच नव्हतो अशा कुणा माणसाला कुणीतरी बोलावून विचारलं होतं! शनिवारी मिस परेरा टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर जायला लागल्या, आणि मुक्ता त्यांच्यासोबत. दोघी परत यायच्या, मुक्ता सांगायची, आज नाही, पण तिथला अंकल म्हणाला कधीकधी उशिरा येतं. मी मान डोलवायचो. थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडाशी यायचंही — आणि मी म्हणायचो, बाटली भरून घेतलीस का?

मधे मी इंग्लंडहून त्याच पुस्तकाची एक जुनी प्रत मागवली. तेच मेज, तेच खलाशी. मोठ्या ऐटीत नेऊन दिली. मिस परेरांनी आभार मानले, पानं उलटली, आणि मुक्ताकडे सरकवली. मुक्तानं समास बघितले.

“नो लोर्ना इनसाइड, बाबा,” ती म्हणाली.

आणि आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात वाईट. कापण्यापेक्षा, पेटीत टाकण्यापेक्षाही वाईट. मी त्याचा किस्सा केला.

कुणाकडे गणपतीच्या जेवणाला जमलो की कुणीतरी म्हणायचं, जोशी, ते लॅटिनचं सांग. मी सांगायचो. प्रत्येक वेळी बस थोडी सुधारायची. मी मेजाची रूपं पुटपुटत पेंगतोय, शेजारी एक चिनी आजोबा मला मंत्र म्हणणारा पुजारी समजून हात जोडतायत, मी आशीर्वाद देण्याच्या नादात उतरतोय आणि पुस्तक सीटवर. लोक हसून हसून ताटं खाली ठेवायचे. मंजिरी म्हणायची, याला बाहेर पाठवताना याच्याच गळ्यात नावपत्त्याची पाटी अडकवायला हवी. मुक्ताही हसायची. एकदा तिच्या वाढदिवसाला मिस परेरा आल्या होत्या, आणि कुणीतरी फर्माईश केली. मी त्यांच्यासमोर सांगितलं. आजोबांची नक्कलही केली. त्या केकची बशी हातात धरून ऐकत होत्या.

स्वतःवर हसणारा माणूस खोटं बोलत असेल, असा संशय कुणाला येत नाही. मला हे कधी कळलं? सांगता सांगताच कळलं. आणि तरी शेवटपर्यंत सांगितलं.

मुक्ता आता मोठी झाली आहे. लॅटिन तिनं सोडलेलं नाही, छान चाललंय. पण बसमध्ये चढली की बसायच्या आधी अजून वाकून सीटखाली बघते. सवयीनं. मी शेजारी उभा असतो, दांडा धरून. खिडकीबाहेर बघतो. तिला सांगितलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, हे मला ठाऊक आहे. ते टाळण्यासाठीच एवढं सगळं चाललंय, दुसरं काही कारण नाही. असतं तर सांगितलं असतं.

गेल्या महिन्यात मिस परेरा पर्थला गेल्या, भाच्याकडे, कायमच्या. आवराआवरीला आम्ही मदतीला गेलो होतो. मंजिरी आणि मुक्ता खोकी घेऊन लिफ्टनं खाली गेल्या, आणि मी मागे राहिलो. त्या वर्तमानपत्रात कप गुंडाळत होत्या. खोलीत दुसरा आवाज नव्हता, आणि मला शांतता सोसत नाही. मी म्हणालो, तुमचा पर्थचा पत्ता त्या काउंटरवर देऊन ठेवू या का? अजूनही येईल पुस्तक, काय सांगावं.

त्यांनी कप गुंडाळून पुरा केला, खोक्यात ठेवला, दुसरा घेतला. मान वर केली नाही.

“जोशी, ज्याच्या हातून खरंच हरवतं, तो एकदा तरी शोधायला जातो,” त्या म्हणाल्या. “तू पोरीला पाठवलंस.”