सरांचं शोषण

अख्ख्या वाळवा तालुक्यात शोषणाविषयी आमच्या सरांइतक्या प्रेमाने बोलणारा माणूस सापडणार नाही. इस्लामपूरच्या कॉलेजात 'शोषण : कोण करतं, किती करतं?' असं व्याख्यान फळ्यावर जाहीर झालेलं वाचून मी संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून पहिल्या बाकावर जाऊन बसलो. अर्धा तास झाला तरी एकाही मालकाचं नाव निघेना. शेवटी उठून विचारलं, "पण सर, शोषण करणारा कोण?" सर खूश झाले. "रेणू," ते म्हणाले. "उजेड शोषतो त्यो. आन् लय चोखंदळ असतो गड्या. आपल्या जोगा घेतो, बाकीचा आरपार जाऊ देतो." इतका समाधानी शोषक मी कुठल्याही पत्रकात वाचला नव्हता. माझा विषय इतिहास, पण त्या दिवसापासून सरांचा भौतिक रसायनशास्त्राचा तास मी चुकवला नाही.

सर माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. रेणू कोणता उजेड निवडतो हे सांगताना ते हटकून कळपात शिरत. "समदी मेंढरं वरडू द्यात, कोकरू आपल्या आईच्याच हाकंला उठतं," असं म्हणून ती हाक घालूनही दाखवत, तेव्हा शेजारच्या वर्गातली कविता मध्येच थांबे. कोणता रेणू कुठला उजेड शोषतो हे दाखवणारा वर्णपट घेणारं यंत्र कॉलेजात नव्हतं, म्हणून सरांनी माणसं वापरली. स्वतः ऑक्सिजन होऊन गुडघ्यात वाकायचे, दोन्ही हातांना एकेक पोरगा हायड्रोजन म्हणून धरायचे, की झालं पाणी. मग ते पाणी ताणायचं, वाकायचं, डुलायचं. एकदा एसटी स्टँडवर पोरगं कमी पडलं म्हणून त्यांनी कंडक्टरला हायड्रोजन केलं आणि साताऱ्याची गाडी उशिरा सुटली.

पण सर तासिका तत्त्वावर होते. नोकरी दर वर्षी नव्याने मागायची. यंदा कॉलेजने त्यांना बजावलं होतं, निवड समितीपुढे इंग्रजीत शिकवा, टेबलामागे उभे राहा, कुणाला नाचवू नका. मी भडकून पत्रक लिहायला घेतलं. "नगं," सर म्हणाले. "तास चांगला झाला की ठेवत्यात." समितीपुढे ते बराच वेळ खांबासारखे उभे राहून इंग्रजी बोलले. मग अध्यक्षांनीच विचारलं, कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडून सारखा ताणला गेला, तर तो उजेड का शोषत नाही? सरांचे हात शिवशिवले. "आवं साहेब, जरा पुढं या. तुमी कार्बन." दोन पोरांनी अध्यक्षांचे दोन हात धरून ओढले. "दोघंबी सारखंच वडत्यात, तुमी जाग्याव. उजेडाला वाटतं, हितं काय घडलंच न्हाई." उत्तर अध्यक्षांना पटलं. बाही मात्र उसवली. समितीने बाहीच्या बाजूने कौल दिला.

आता सर कुपवाडला रंगाच्या कारखान्यात नमुने तपासतात. परवा गेटाबाहेर भेटले. मी म्हटलं, "सर, हे तुमचं शोषण झालं." ते हसले. "कुठलं शोषण? मला आरपार जाऊ दिलं त्यांनी." मग दुचाकी स्टँडला लावत म्हणाले, "हितं यंत्र हाय. नमुना ठेवायचा, वर्णपट भाईर. कॉलेजात यंत्र न्हवतं, पोरं व्हती." बोलता बोलता ते सवयीने गुडघ्यात वाकले, हात पसरले. मी एक हात धरला. दुसरा त्यांनी तसाच लांब करून ठेवला, पाळी सुटलेल्या कामगारांतलं कुणी येतंय का बघत.