शेवंतीचं पातेलं

घोडपदेवच्या माझ्या मावशीइतकी भांडी वाचलेली बाई अख्ख्या मुंबईत सापडायची नाही. कुणाकडेही जेवायला गेली की ती आधी वाटी उचलून तिच्यावर कोरलेलं नाव वाचते, मग वाटीत गरम आमटी का असेना. एका बारशाला तिनं यजमानीणबाईंना सर्वांदेखत सांगितलं की हा डबा माझ्या नणंदेचा आहे, सात वर्षं शोधतेय, आणि तिथल्या तिथे रिकामा करून तो घरी आणला.

स्वतःच्या घरची भांडी मात्र तिनं नीट वाचली ती पासष्टाव्या वर्षी, दिवाळीच्या साफसफाईत. पिंपापासून चमच्यापर्यंत सगळ्यांवर काकांचं नाव. तिचं नाव होतं फक्त माहेरून आलेल्या एका तांब्यावर. काका माणूस वाईट नाहीत, पण लग्न झाल्यापासून त्यांनी मावशीला नावानं हाक मारली नव्हती. चहा हवा, अगो. चष्मा सापडत नाही, अगो. चाळीतल्या मांजरीलासुद्धा ते राणी म्हणत. निवृत्त होऊन घरी बसल्यापासून तर अगोचा नुसता पाऊस पडत होता. त्या दिवशी हाक आली तेव्हा मावशी शिडीवरूनच शांतपणे म्हणाली, "या घरात अगो नावाचं कोणी राहत नाही."

तेव्हापासून तिनं ओ देणं बंद केलं. काकांनी खाकरून पाहिलं, टाळ्या वाजवल्या, शेवटी देवघरातली घंटा वाजवली. मावशीनं तिथूनच देवाला हात जोडले आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली. मला तिनं बोलावून सांगितलं की लक्ष्मीपूजनापर्यंत नावानं हाक आली नाही तर ती कणकवलीला भावाकडे जाणार, कायमची. मी हसलो. ती हसली नाही. माळ्यावरची बॅग पुसून दाराशी ठेवलेली होती.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काका घरातलं सर्वांत मोठं पातेलं काखेत मारून मला लालबागच्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. मशीन चालू करून कारागिरानं नाव विचारलं. काकांनी चिठ्ठी पुढे केली. तो म्हणाला, चष्मा घरी राहिलाय, तोंडानं सांगा. काकांचे कान लाल झाले. "शेवंती," ते पुटपुटले. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू येईना, म्हणून त्यांना आणखी दोनदा सांगावं लागलं.

मी चमकलो. लग्नात काकांनी अंगठीनं तांदळात लिहिलेलं नाव स्मिता. रेशन कार्डावर तेच आहे. शेवंती उरली होती ती त्या माहेरच्या तांब्यावर. मी तसं म्हणताच काका पातेल्याकडे बघत म्हणाले, "स्मिता आईनं ठेवलेलं. मी बघायला गेलो तेव्हा चहा शेवंतीनं आणला होता रे. तोंडात तेच यायचं. आई रागावेल म्हणून मग नुसतं अगो."

परत आल्यावर ते वर गेलेच नाहीत. चाळीच्या अंगणात उभं राहून त्यांनी हाक मारली. पहिल्या हाकेला तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. दुसऱ्या हाकेला समोरच्या वहिनींनी मिक्सर बंद केला. तिसऱ्या हाकेला मावशी कठड्याशी आली, अगदी सावकाश, आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ओ." मग म्हणाली, "वर या, चहा टाकते." वर गेल्यावर तिनं पातेलं हातात घेऊन नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. बॅग मीच माळ्यावर चढवली.

आता मावशीची नवी तक्रार आहे की हा माणूस दिवसभर उगाच हाका मारतो. ओ मात्र ती प्रत्येक हाकेला देते.

त्या दिवाळीत मीही घरातल्या फळीवरची भांडी उतरवली. माझी आई ही मावशीची थोरली बहीण, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव. तिची रोजची ताकाची वाटी घेऊन मी त्याच कारागिराकडे गेलो. त्यानं नाव विचारलं. मी मोठ्यानं सांगितलं, आणि ओ येणार नाही हे माहीत असूनही क्षणभर थांबलो.