जिन्याखालची सॅम्पल

मुलांनो, आपल्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आयुष्यात एकही सदोष वस्तू पुढे जाऊ दिलेली नाही. चाकणच्या एका कंपनीत ते तपासणी खात्यात होते. निवृत्त झाले, पण खाते काही सुटले नाही. भाजीवाल्याची गवार ते पट्टी लावून घेतात. दिवाळीत मी पाठवलेल्या डझनभर करंज्यांपैकी एक त्यांनी परत धाडली, सोबत चिठ्ठी: "कड उघडी. बाकी अकरा उत्तम."

त्यांच्या पोटात त्यांच्या बायकोची, म्हणजे वरच्या आजींची किडनी आहे. शरीराने ती परकी समजू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यायची. आजी रोज बजावतात, "माझी वस्तू आहे ती, नीट वापरा."

अशा माणसाने आजींना चोरून जिन्याखाली मांजरीचे पिल्लू पाळले. नाव ठेवले सॅम्पल. कंपनीतले कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घालून ते तिला खेळवीत आणि मला म्हणत, "वहिनी, हे आपल्या दोघांतच." सॅम्पल कोपराच्या वर ओरबाडायची.

मग आजोबांना ताप आला, तो उतरेना. काखेत गाठ आली. किडनी गेली की काय, या धास्तीने आजींनी दवाखान्यात मलाही सोबत नेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात मांजर आहे?"

"घरात नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी पुढे जाऊ दिलेला तो पहिला सदोष माल.

मी आजींकडे पाहिले. "जिन्याखाली आहे," मी म्हणाले.

आजी त्यांच्याकडे वळल्या, "अहो, माझी किडनी घेऊन मांजरीशी खेळायला जाता?"

तपासण्यांत ओरखड्याचाच आजार निघाला. धडधाकट माणसाचा तो बहुधा आपोआप बरा होतो. आजोबांच्या मात्र यकृतापर्यंत पोचला असता. काही महिने औषधे चालली. ताप गेला, किडनी राहिली. आणि सॅम्पलला हाकला, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्याच नाहीत. "वर्षाची होईपर्यंत लांब ठेवा, पिसवा होऊ देऊ नका. पुढेही ओरखडा उठला तर लगेच साबणाने धुवा आणि मला सांगा. लपवू नका."

सॅम्पल आता माझ्याकडे असते. आजोबा रोज चार वाजता माझ्या जाळीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. "आज वजन?" विचारतात, वहीत लिहितात. जाताना हात हलवतात. ती बघतही नाही, तरी हलवत राहतात. पूर्वी मला हसू यायचे. पण तुमचा व्हिडिओ कॉल बंद झाल्यावर मीही फोनच्या काळ्या पडद्याला थोडा वेळ हात हलवीत असते.