पदराची पिन

मंडळी, ह्यांना बँकेने जोहान्सबर्गच्या शाखेत बदली देऊ केली आहे. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं आहे. आठवडाभर मी नेटवर तिथल्या लूटमारीच्या बातम्या वाचतेय, आणि माझं 'नाही' ठरलेलं होतं.

आज सकाळी लेकीला घेऊन इथे जयपुरात राजा पार्कच्या बाजारात भाजी आणायला निघाले. दारातच, रोजच्यासारखं, मंगळसूत्र पदराखाली घेतलं आणि वरून पिन लावली. तीन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत मोटारसायकलवरच्या दोघांनी शेजारच्या भाभीजींच्या गळ्यातली चेन ओढून नेली, तेव्हापासूनची ही सवय.

लेक बारा वर्षांची, इथेच वाढलेली. ती म्हणाली, "आई, तिकडे डर आहे म्हणून जायचं नाही ना? मतलब, मग ही पिन कशासाठी?"

मी म्हटलं, "चल, उशीर होतोय."

भाजी घेऊन आले, पिन काढून ठेवली आणि हे लिहायला बसले. या पिनेला भीती म्हणायचं मी कधी सोडलं, ते आठवत नाही.

तुमच्यापैकी कुणी तिथे राहिलं असेल, तर बातम्या नकोत. तिथल्या बायका घरातून निघताना काय करतात, तेवढं सांगा.