होडीत उलटे बसणारे आतोबा

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: चिक्कडपल्ली, आतोबांचा हॉल. हजर: आतोबा (अध्यक्ष, स्वतःच स्वतःला नेमलेले), आत्या (चहा आणि टोमणे), त्यांची नात मुक्ता (विरोधी पक्ष), शेजारच्या नसरीनआपा, नारायणगुड्याचे दातांचे डॉक्टर श्रीकांत आणि टिपणं घ्यायला मी. गैरहजर: माझे यजमान. "होडीवरून सभा भरवणाऱ्या घरातली मुलगी केली, एवढं पुरे नाही का?" असं त्यांनी कळवलं. विषय एकच: होडीचं काय करायचं.

आता सविस्तर. चारमिनार न पाहिलेला हैदराबादी एखादे वेळेस सापडेल, पण आमच्या आतोबांबरोबर होडीत न बसलेला माणूस आमच्या गोतावळ्यात शोधून सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घराणं उदगीरकडचं, शेतीवाडीवालं. नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. बाकी माणूस चारचौघांसारखा. वांगी दाबून बघून घेतात, पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, आत्याला घाबरतात. पण शहराबाहेर जे मोठं थीम पार्क आहे, तिथल्या एका राइडवर या गृहस्थांचा जीव जडला, तो कायमचा. पाटीवर तिचं नाव 'मॅजिक बाजार'. आम्ही नुसतं 'होडी' म्हणतो. अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावर होडी हळूहळू सरकते आणि दोन्ही बाजूंना जुना बाजार मांडलेला असतो: जिलब्या तळणारा हलवाई, बांगडीवाली, अत्तरवाला, एक हत्ती, आणि बाहेर पडायच्या तोंडाशी पेंगणारा चौकीदार. सगळे पुतळे, यंत्रावर हलणारे.

आमच्या घराण्यात लग्न झालं की नवी जोडी आधी देवीला जाते आणि मग होडीला. हा कुळाचार आतोबांनी सुरू केला, आणि आता तो मोडायची कुणाची छाती नाही. बाळ मान धरायला लागलं की होडी. परीक्षा संपली की होडी. पुण्याचे आमचे एक जावई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यांना आतोबांनी सांगितलं, "हत्तीला केळं दाखवावं लागतं, नाहीतर संसारात सोंड खुपसतो." जावयांनी अत्यंत शांतपणे विचारलं, "हे कम्पल्सरी आहे का?" आतोबा म्हणाले, "नाही. पण ज्यांनी दाखवलं नाही त्यांचं काय झालं ते विचारू नका." जावई गेटबाहेरून डझनभर घेऊन आले. हत्तीला दाखवून झालेली केळी घरी येईपर्यंत आतोबांनीच संपवली.

होडीत बसायचीही त्यांची एक रीत. पुढच्या बाकावर बसायचं, पण उलटं, म्हणजे बाजाराकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड. चालवणारा दरवेळी ओरडायचा, "साब, सीधे बैठो!" आतोबा दरवेळी म्हणायचे, "सीधाच बैठा हूँ मियाँ, नाव उलटी है." पुढे त्यानेही नाद सोडला. मग होडी अंधारात शिरली की आतोबा सुरू व्हायचे. हलवाई म्हणजे गोविंदशेठ. मुलीच्या लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं ते अजून उठलेलं नाही, म्हणून बिचारा तळतोय. बांगडीवाली चांदबी रुसून तोंड फिरवून बसलीय, कारण अत्तरवाल्याने फुकटची कुपी भलतीलाच दिली. हत्ती होडीतल्या पोरांचा वास घेऊन कुणाचा अभ्यास राहिलाय ते ओळखतो. जिलबीचा चर्रर्र आवाज यायचा, बांगड्या किणकिणायच्या, हत्ती असा काही चीत्कार करायचा की मागच्या बाकावरच्या अनोळखी बायका एकमेकींना धरायच्या. शेवटी सगळ्यांनी मिळून चौकीदाराला हाक मारायची, "जागते रहो!" कारण आतोबांच्या मते तो झोपला तर बाजारच उठून जाईल.

तो बाजार उठायची वेळ आली ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पार्कवाल्यांनी जाहीर केलं की मॅजिक बाजार बंद होणार आणि त्याच होडीतून लोकांना अंतराळाची सफर घडवणार. आतोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आत्या म्हणाली, "माझं गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा हा माणूस डबा उघडून पोटभर जेवला होता." तिसऱ्या दिवशी ते उठले, मला फोन केला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, सभा बोलाव." कारण इंटरनेटवर राइडच्या चाहत्यांची इतकी भांडणं झाली होती की मॅनेजरने कळवलं होतं: चाहत्यांनी यावं, पण सगळ्यांची मिळून एकच मागणी घेऊन यावं. मागण्यांचं पोतं चालणार नाही. मला हा माणूस न बघताच आवडला.

सभेत पहिला हल्ला मुक्ताने केला. ती हायटेक सिटीत कॉम्प्युटर गेम्स बनवते. "आजोबा, बी प्रॅक्टिकल. हत्तीची सोंड निम्म्यात अडकलीय. गोविंदशेठचा एक हात गायब आहे. स्पेस किती मस्त होईल! ग्रह डोक्यावरून फिरतील."

"ग्रह डोक्यावरून फिरायला तिकीट कशाला? साडेसातीत फुकट फिरतात."

नसरीनआपा शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी आवाज अजून वर्गातलाच. त्या म्हणाल्या, "हौ, और चाँद पे जिलेबी कौन तलेगा? नक्को बाबा. हमारे बच्चे उसी नाव में बड़े हुए."

"आपा, तुमचे बच्चे आता अमेरिकेत आहेत," मुक्ता म्हणाली. "ते वर्षातून एकदा होडीत बसणार. पार्कने काय म्युझियम चालवायचं?"

डॉक्टर श्रीकांत हे आतोबांच्या नात्यातले नाहीत. लहानपणी ते योगायोगाने त्यांच्या होडीत बसले होते, आणि पुढे दवाखान्यात आतोबा दाढ दाखवायला आले तेव्हा नुसत्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. भांडणात ते सहसा पडत नाहीत, पण तेही तावातावाने म्हणाले, "तातागारू, बाकी सगळं जाऊ द्या, बांगडीवाली राहिली पाहिजे." आजोबांना ते तेलुगूत तातागारू म्हणतात. त्यावर नसरीनआपा म्हणाल्या, बांगडीवाली नाही, हलवाई. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "चौकीदार ठेवा, एवढा एकच मला यांच्यासारखा वाटतो." आणि सुशील्याच्या ताटल्या आल्या. कुरमुऱ्यांचा हा फोडणी घातलेला प्रकार तोंडात असताना भांडता येत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक आहे. सभा संपली तेव्हा माझ्या कागदावर पाच माणसांच्या सहा मागण्या होत्या. तशाच घेऊन आम्ही पुढच्या शनिवारी पार्कमध्ये गेलो.

मॅनेजर चाळिशीतले, गळ्यात ओळखपत्र, समोर नव्या राइडचे निळे-जांभळे नकाशे. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "आपको इस राइड में क्या बचाना है?"

डॉक्टरांनी सुरुवात केली. चांदबीची गोष्ट. वरंगळहून एकटी पळून आलेली, हिंमतवाली बाई.

"वरंगल?" नसरीनआपांनी मध्येच अडवलं. "चांदबी तो गुलबर्गे की है. सास ने निकाल दिया था उसको."

मी दोघांनाही सांगितलं की चांदबी नांदेडची आहे आणि तिला कुणी काढलेलं नाही, ती अत्तरवाल्यावर रुसलीय. आमचं चांगलंच जुंपलं. मॅनेजर आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. "एक मिनट. चांदबी कौन?"

"बांगडीवाली!" आम्ही तिघांनी एकदम सांगितलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. पुतळ्यांना नावं नाहीत. गोष्टही कधी नव्हती. बांगडीवालीची मान फिरलेली आहे ती स्क्रू अडकल्यामुळे. आणि आवाज? आवाजाची यंत्रणा तर पार्क उघडल्यावर थोड्याच दिवसांत पाण्याने बिघडली. ती पुन्हा बसवलीच नाही.

"मग हत्ती?" मी विचारलं. माझं वय, माझं शिक्षण, घरातलं माझं स्थान सगळं विसरून विचारलं. "हत्ती ओरडतो तो?"

आम्ही सगळ्यांनी आतोबांकडे पाहिलं. आतोबा छताकडे बघत होते.

"यांना घशाचा त्रास उगाच होत नव्हता," आत्या म्हणाली. "आणि मी आपली हळद-दूध करत बसले!"

आतोबा ओशाळले. "मी नुसता दाखवत होतो रे," ते पुटपुटले. "अंधार असतो, पोरं घाबरतात. काहीतरी बोलावं लागतं." मग मॅनेजरना म्हणाले, "माफ करना साब. आपके बाजार में मैंने बिना पूछे दुकान लगाई."

ज्याला वाचवायला आम्ही निघालो होतो तो बाजार मुळात पार्कचा नव्हताच. एक तुटक्या हाताचा पुतळा, एक अडकलेली सोंड आणि पुढच्या बाकावर उलटा बसलेला एक माणूस, एवढाच त्याचा ऐवज. कागदावरच्या सहाही मागण्यांवर मी तिथल्या तिथे काट मारली. पण नवी मागणी काय मांडायची ते मला सुचेना. ती मांडली मुक्ताने. विरोधी पक्षाने.

"सर, थीम तुम्ही हवी ती करा," ती म्हणाली. "फक्त प्रत्येक होडीत पहिल्या बाकावर एक सीट उलटी बसवा. मागे तोंड करून. पट्टा वगैरे लावून, सेफ्टीसकट."

मॅनेजर हसले. "सीट का क्या है, बिठा देंगे. पर बैठेगा कौन? चाँद पे बोलेगा क्या?"

"मुझे चाँद का क्या मालूम," आतोबा म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाईट वाटलं.

नसरीनआपांनी त्यांच्या खांद्यावर हलकेच फाइल आपटली. "भाईसाब, गुलबर्गे का भी आपको कहाँ मालूम था?"

यावर जे हसू फुटलं, त्यात मॅनेजरही होते, आणि शेवटी आतोबाही.

सुरक्षावाल्यांची परवानगी मिळाली. सीट होणार आहे. होडीवर आता पत्रे ठोकलेत आणि आत काम चालू आहे. आतोबांची तब्येत सुधारली आहे, जरा जास्तच. हल्ली ते भाजी घेतानासुद्धा आकाशाकडे बघतात. शुक्राची लग्न जमत नसलेली मावसबहीण, गुरूची अवाढव्य वऱ्हाडी पंगत आणि शनीचा घटस्फोट हे सगळं त्यांचं जुळवून झालंय. "शनीला कडं आहे ना, ती चोळी-बांगडीची भानगड आहे," असं त्यांनी मुक्ताला सांगितलं, आणि तिने ते फोनवर टिपून घेतलं.

राहिलं एक काम. निघताना मॅनेजरनी मला बाजूला घेऊन विनंती केली होती की जुन्या बाजाराची गोष्ट आतोबांच्या आवाजात भरून द्या, नव्या राइडच्या रांगेत लोकांना ऐकवू. मला ही कल्पना फार पसंत पडली. जे आहे ते एकदा नीट नोंदवून ठेवलं की सुटलं. मी चांगला माइक आणला, सुलतान बाजारातून जाड पडदे आणून खिडक्यांना लावले, रविवार ठरवला, सगळ्यांना कळवलं.

आतोबा बसले. घसा साफ केला. हत्तीचा एक चीत्कार काढला, त्याने वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. मग म्हणाले, "सेक्रेटरी, कुणाची चांदबी भरायची?"

"कुणाची म्हणजे?"

"डॉक्टरची वरंगळची. तो पोरगा त्या दिवशी आईवेगळा मामाबरोबर आला होता, त्याला एकटी निभावणारी बाई हवी होती. आपांची गुलबर्ग्याची, ती का तशी ते आपांना विचार, मी सांगणार नाही. आता मशीनमध्ये एकच मावणार. डॉक्टरची भरली तर आपांची मेली."

"मग माझी भरा," मी म्हटलं. मला काम संपवायचं होतं.

"भरतो की. तुझी कुठली?"

नवी नवरी होऊन गेले तेव्हा चांदबी रुसली होती, आणि मी इतकी हसले होते की नवऱ्याचा संकोच तिथेच संपला. मुलगा मांडीवर होता तेव्हा तिने त्याच्या मापाच्या बिंदल्या काढून ठेवल्या होत्या. आणि माझे बाबा गेल्यानंतर, महिन्याभराने, आतोबा मला एकटीलाच घेऊन गेले. त्या दिवशी गोविंदशेठची कढई थंड होती, हत्ती गप्प होता, आणि चांदबी, आतोबा म्हणाले होते, रुसलेली नाही. कुणीतरी यायचंय म्हणून वाटेकडे बघत बसलीय.

त्यातली कुठली, ते मला सांगता येईना. आतोबांनी घाई केली नाही. आत्या चहा ठेवायला उठली. "विचार करून कळवते," मी म्हटलं आणि माइक बंद केला.

अजून कळवलेलं नाही.