सुकटीचं माप

सुकी मासळी विकणारी ती म्हातारी जयगडकडून आमच्या वाडीत यायची, पावसाळ्याच्या तोंडावर. जास्त पैसे दिले तरी जास्त सुकट द्यायची नाही. "समद्या वाडीला पुराया होवी," म्हणायची आणि दारातून आत डोकावून, घरातली माणसं बघून मापून घालायची.

एका वर्षी ती शिमगा होताच आली. आम्ही घरात चौघं. तिनं तिघांपुरतीच घातली.

"आम्ही चौघं आहोत," सासूबाई म्हणाल्या.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पुरल, बाय."

मग लॉकडाऊन लागला. गाड्या बंद, बाजार बंद. सुकट शेवटपर्यंत पुरली. सासूबाई तेवढ्या राहिल्या नाहीत.

काल, स्वच्छ उन्हात, ती अवेळी दारात आली. आत डोकावून तिनं दोघांपुरती सुकट घातली. आम्ही तिघं आहोत, असं मी म्हटलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.