उपासाला चालणारी वस्तू

शुगर निघाली तेव्हा चाळिशी नुकतीच उलटली होती. २०१६ साल. तलासरीच्या शाळेत मी शिकवायला होते आणि डहाणूत भाड्याच्या घरात आई आणि मी, अशा दोघीच राहत होतो. वडील गेल्यावर आशागडचं घर बंद करून मी तिला माझ्याकडे आणलं होतं. लग्न मी केलं नाही. का केलं नाही, हा विषय शेवटी आईनेसुद्धा सोडून दिला होता, तेव्हा इथेही तो नको.

डॉक्टरांनी भात, भाकरी, चपाती, बटाटा, साखर सगळं बंद केलं. घोलवडच्या चिकूचं तर नावही घ्यायचं नाही म्हणाले. घरी येऊन मी आईला सांगितलं, "आजपासून धान्य बंद." आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे उपासच की. त्यात काय एवढं." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडला तर आत साबुदाण्याची खिचडी. तांदूळ नाही, गहू नाही, आईच्या हिशेबाने पथ्य चोख पाळलेलं. मी कपाळावर हात मारला आणि खाल्ली, कारण दुपारी दोन वाजता तलासरीत दुसरं काय मिळणार होतं. संध्याकाळी साखर चढलेली आणि दोन्ही दंडांवर पित्ताच्या गांध्या उठलेल्या. दोन्हीचं खापर मी साबुदाण्यावर फोडलं.

पण साबुदाणा गेला तरी गांध्या अधूनमधून उठायच्याच. नव्या जेवणात अंडी होती, दही होतं, पनीर, ओला नारळ आणि मासळी. यातलंच काहीतरी मला सोसत नसणार. शाळेतल्या एका बाईंनी युक्ती सांगितली आणि डॉक्टरांनीही मान हलवली. संशयाच्या सगळ्या वस्तू काही दिवस पूर्ण सोडायच्या, नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर राहायचं, अंग साफ झालं की एकेक वस्तू परत खाऊन बघायची. म्हटलं, ठीक आहे. वर्गात मुलांना विज्ञान शिकवते, आता स्वतःवरच प्रयोग.

उकडलेला दुधी, उकडलेला कोबी, वरून मीठ-जिरं. आई ते ताट माझ्यापुढे ठेवायची तेव्हा तिचाच चेहरा उतरलेला असायचा. आणि ज्या दिवशी परीक्षेची वस्तू खायची, तो दिवस तिच्या लेखी उपास सोडण्याचा. उपास सोडताना ताट कधी ओकंबोकं ठेवतात का? अंड्याच्या दिवशी तिने अंड्याशेजारी खमंग काकडी वाढली. कोवळी काकडी चोचवून, दाण्याचं कूट, लिंबू, वरून तुपाची फोडणी. दह्याच्या दिवशी तेच, मासळीच्या दिवशी तेच. काकडी माझ्या पथ्यात बसत होती. मी बोटं चाटून खायची आणि ती समोर बसून बघायची.

अंडं खाल्लं, गांध्या उठल्या. दही खाल्लं, उठल्या. नारळ, पनीर, सगळे नापास. सर्वांत शेवटी मांदेली. डहाणूत जन्म काढायचा आणि म्हावरं सोडायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्या संध्याकाळी मानेपर्यंत अंग फुललं. मी आरशापुढे उभी राहून रडले. आई दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मग आता मी तुला करून घालू तरी काय?"

आईला टीव्हीचं वेड नव्हतं, देवळात बसायची सवय नव्हती. मला डबा करून द्यायचा, संध्याकाळी मी आले की विचारायचं, संपवलास का. एवढ्यावर तिचा दिवस उभा होता. माझ्या एकेका नापास वस्तूबरोबर तिचा एकेक डबा कपाटात जात होता. शेवटी दुधी उकडण्यापुरती ती स्वयंपाकघरात जायची आणि बाहेर येऊन नुसती बसायची. मग एक दिवस वाणगावहून भावाचा फोन आला, दोन पोरं आहेत, वहिनी कामावर जाते, आईला पाठव. ती जाते का बघू म्हणून मी विचारलं. ती आधीच पिशवी भरायला लागली होती.

घर रिकामं झालं. दुधी मीच उकडायची. महिनाभर अंगावर एक पुळी नाही. मग वाटलं, बघू या तरी, म्हणून एक अंडं खाल्लं. काही नाही. दही खाल्लं, काही नाही. नारळ, पनीर, काही म्हणजे काही नाही. धीर करून बाजारातून मांदेली आणली, स्वतः साफ केली, हळद-मीठ लावून तव्यावर टाकली आणि एकटीने बसून सगळी खाल्ली. तासातासाने हात उजेडात धरून बघत होते. अंग स्वच्छ.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जेमतेम फोन उचलेपर्यंत. आईने विचारलं, "म्हावरं खाल्लंस? काही झालं?" मी म्हटलं, "नाही गं, काहीच नाही झालं." ती म्हणाली, "बरं झालं. म्हणजे माझाच हात तुला बाधत होता."

"काहीतरीच काय बोलतेस," असं मी म्हटलं, पण त्यात जोर नव्हता. कारण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. शास्त्र शिकलेली बाई मी, पण सगळ्या वस्तू त्याच, चूल तीच, फक्त आई नाही आणि अंगावर गांध्या नाहीत. याला काय म्हणायचं?

त्यानंतर मी सगळं खात होते आणि कशालाच चव नव्हती. शाळेतून आल्यावर कुलूप काढायचं, त्याचाच कंटाळा यायचा. मला आई हवी होती. साखर, पथ्य, सगळं गेलं खड्ड्यात, मला ती ओट्याशी पाठमोरी उभी हवी होती. एका रविवारी फारच आठवण आली, तेव्हा बाजारातून कोवळ्या काकड्या आणल्या. तिच्यासारख्याच चोचवल्या. दाणे भाजले, साली पाखडल्या, कूट केलं, तुपात जिरं-मिरची तडतडवली. तिच्याइतकी जमली नाही, पण वास तिचाच होता. वाडगा तसाच हातात घेऊन ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.

तासाभरात दंड खाजायला लागले.

आयुष्यात कुणाला अंगभर पित्त उठल्याचा इतका आनंद झाला नसेल. इतके दिवस मी चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते. अंडं निर्दोष, दही निर्दोष, मांदेली बिचारी निर्दोष, आणि आईचा हात तर त्याहून निर्दोष. काकडी त्या पहिल्या खिचडीत नव्हती, दाण्याचं कूट मात्र तिच्यातही होतं. पण शेंगदाण्यावर संशय घेणार कोण? देवाच्या उपासाला चालणारी वस्तू. ती आईलाही सुचली नाही आणि मलाही. डॉक्टर नंतर म्हणाले, या वयातही असं नव्याने सुरू होतं, पण दाणे पुन्हा खाऊन बघू नका.

ते पुढचं. त्या दिवशी गांध्या मावळायच्या आत मी स्टेशन गाठलं. डहाणूहून वाणगाव एकच स्टेशन. आई पोरांसाठी भाकऱ्या थापत होती. मी बाह्या वर केल्या आणि म्हटलं, "बघ, आज मी माझ्या हाताने करून खाल्लं आणि तरी उठलं. दाण्याचं कूट आहे ते, तुझा हात नव्हे." तिने पीठ पुसून माझं मनगट धरलं, गांध्यांवरून बोट फिरवलं. "उपासाचा शेंगदाणा?" असं दोनदा विचारलं. मग तिने भावाला बाजारात पिटाळलं आणि संध्याकाळी मला मांदेलीचं कालवण वाढलं. मी दोन वाट्या ओरपल्या. ती माझ्या दंडांकडे बघत बसली होती. काही झालं नाही.

"मग आता चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

आई पोरांची ताटं गोळा करत होती. म्हणाली, "इथं पोरं काही विचारत नाहीत गं. ताटात पडेल ते खातात."

"मीपण नाही विचारणार."

"तुला आता विचारावंच लागणार, बाय," ती म्हणाली. "मी वाढलं तरीसुद्धा."

ती डहाणूला परत आली नाही. ती होती तोवर रविवारी मी वाणगावला जेवायला जायची. ती वाढायची, मी विचारायची, "यात कूट नाही ना?" ती "नाही गं" म्हणायची, आणि मग मी घास उचलायची.